चोवीस अंशांचं माहेर

आमच्या घरी आलेला पाहुणा चहा न घेता गेला, असं आजवर एकाच्याच बाबतीत झालं. तो पाहुणा म्हणजे मापाडी. मी दोनदा विचारलं, साखर कमी घालू का म्हणूनही विचारलं, तर म्हणाला, "मी पीत नाही, धन्यवाद." नंतर आमचे हे म्हणाले, अगं, ते यंत्र आहे. आता मला काय दिसत नव्हतं का ते? पण दारात आलेल्याला न विचारता सोडायचं हे मला जन्मात जमलेलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

घोळ असा की माझ्या एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी होणार की तिच्या सासरी, हे एका लोखंडी पेटीत किती ताटल्या बसवायच्या यावर येऊन ठेपलं. हसू नका. माझ्यावर बेतलं होतं.

मापाडी हे नाव गावानं ठेवलेलं. कंपनीनं यंत्राला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण कांद्याच्या मार्केटात वजन करतो तो मापाडी, मग घराची ऊब मोजतो तोही मापाडीच की. उंचीला गुडघ्याएवढा, चार चाकांवर फिरणारा, बोलायला एकदम गोड.

आमचं सोनगव्हाण निफाड तालुक्यात. निफाडची थंडी काही नवी नाही, पेपरात दर हिवाळ्याला आमचाच पारा छापून यायचा. पण गेल्या दहा-बारा वर्षांत तिनं ताळतंत्रच सोडलं. पार वर, उत्तर ध्रुवावर गार हवेचा एक भोवरा फिरत असतो म्हणे. तो घट्ट फिरतो तोवर गारठा तिकडंच कोंडलेला राहतो. जग तापलं, तसा तो भोवरा ढिला पडला, आणि त्यातला गारठा सांडत सांडत आमच्या अंगणापर्यंत आला. जग तापलं म्हणून आम्ही गारठलो, हे मला अजून नीट पचलेलं नाही. जानेवारीत पाण्याच्या टाकीवर बर्फाचा पापुद्रा धरतो. द्राक्षबागांना लोक रात्रभर धूर करून ऊब देतात, आणि घरात माणसं कानटोपी घालून जेवतात. आमची घरं सगळी उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. पातळ स्लॅब, दारावर झरोके, खिडक्यांना कधी नीट न लागणाऱ्या काचा.

त्यात गावाबाहेरच्या माळावर संगणकांचं केंद्र आलं. जगभरातून काय काय प्रश्न तिथं येतात आणि ती यंत्रं दिवसरात्र डोकं चालवून उत्तरं देतात. डोकं चाललं की तापतं. पूर्वी ही उष्णता मोठाले पंखे लावून आभाळात सोडून द्यायचे. मग कायदा आला, उष्णता वाया घालवायची नाही, शेजारच्या गावाला द्यायची. रस्त्याखालून नळ टाकले, घराघरात फरशीखाली नळ्या घातल्या, आणि दर घराच्या मागच्या भिंतीला एक पेटी बसवायचं ठरलं.

ही पेटी आमच्या ह्यांनी मला समजावली. हे आयुष्यभर द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होते. त्यामुळं उष्णता हा विषय निघाला की ह्यांना थांबवणं अवघड. पण एकदा मात्र मला कळेल असं बोलले. म्हणाले, दूध तापलं की तू पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवतेस ना? दूध गार होतं, पाणी कोमट होतं, पण एकाचा थेंब दुसऱ्यात जात नाही. मधे फक्त पातेल्याचा पत्रा. पेटीत तेच आहे. कंपनीच्या पाण्यात औषधं घातलेली, ते आपल्या नळ्यांत घ्यायचं नाही. म्हणून पेटीत पातळ पातळ स्टीलच्या ताटल्या एकीला एक लावून बसवायच्या. एका फटीतून त्यांचं गरम पाणी, शेजारच्या फटीतून आपलं गार पाणी. ऊब पत्र्यातून इकडून तिकडं येते. जितक्या ताटल्या जास्त, तितका पत्रा जास्त, तितकी ऊब जास्त.

मग भरपूर ताटल्या लावा की, असं मी म्हटलं. तर तसंही चालत नाही. घराच्या मानानं ताटल्या फार झाल्या तर घर क्षणात भट्टी होतं, कॉक आपोआप बंद होतो, घर गारठतं, पुन्हा उघडतो, आणि दिवसभर ही उघडझाप चालू राहते. शिवाय पाणी रेंगाळतं आणि ताटल्यांवर क्षार धरतो. कमी पडल्या तर दोन्हीकडून वाईट. घर गारच राहतं आणि कंपनीचं पाणी गरमच्या गरम माघारी जातं. तिकडं त्यांच्या यंत्रांना गार पाणी हवं असतं, म्हणून ते आपल्यावरच ओरडतात. थोडक्यात, घर किती ऊब सांडतं ते मोजायचं आणि तेवढ्याच ताटल्या द्यायच्या. एकदा मोजलं की पुढच्या हिवाळ्यापर्यंत बदल नाही.

आता विहीणबाई. चारुशीलाताई जगदाळे, आमच्या ईश्वरीच्या सासूबाई, पुण्याच्या. प्रसूतिगृहात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, म्हणजे आमचे जावई अद्वैत, महिन्यातले बरेच दिवस समुद्रातल्या पवनचक्क्यांवर असतो, म्हणून घरात ह्या दोघीच सासू-सुना. बाई कामाला वाघ, बोलायला मोजून मापून. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी डिंकाच्या लाडवांचा डिंकसुद्धा आणून ठेवला होता. तर फोनवर ह्या म्हणतात, "उज्ज्वलाताई, माझं तुमच्याशी काही वाकडं नाही. पण नवजात बाळाच्या खोलीत चोवीस अंश पाहिजेत. चोवीस दाखवा, सून मी स्वतः आणून सोडते."

त्या दिवशी आमच्या मधल्या खोलीत अकरा होते.

ईश्वरीला विचारलं तर ती म्हणाली, आई, तुम्ही दोघी ठरवा, माझे पाय सुजलेत. मी फोन ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन थोडी रडले. रागानं रडले. मला माझी लेक माझ्या हाताखाली हवी होती, तिच्या डोक्याला तेल घालायचं होतं, आणि मधे हे चोवीस येऊन बसले होते.

म्हणून मापाडीची तारीख आली तेव्हा मला केवढा आनंद झाला. तारीख नेमकी माझ्या हळदीकुंकवाची निघाली. गल्लीला बोलावणं आधीच गेलेलं, आणि कंपनी तारीख बदलत नव्हती. मी म्हटलं, होऊ दे दोन्ही.

मापाडी आला तो दिवस मावळताना. त्यानं भिंतींना गुंड्यांसारखी छोटी मापं चिकटवली, मधल्या खोलीत आपली शेगडी लावली आणि काम समजावलं. घर तो बावीस अंशांवर धरून ठेवणार, आणि त्यासाठी शेगडीला किती वीज लागते ते बघणार. वीज जितकी जास्त लागेल, तितकं घर गळकं. ग्रामसभेत बायकांनी आधीच हट्ट धरला होता की घरात बघणारं यंत्र नको, म्हणून त्याला डोळे नव्हते. बटण दाबलं तरच ऐकायचा. त्यानं विचारलं, घरात राहणारी माणसं किती? मी म्हटलं, दोघं. खोटं बोलले का? नाही. मग तो म्हणाला, "माझ्यासाठी वेगळं काही करू नका. नेहमीसारखंच वागा."

संक्रांतीचं हळदीकुंकू मी दरवर्षी करते. म्हणजे नेहमीचंच की.

एरवी हळदीकुंकवाला बायका टेकतात कुठं? हळद, कुंकू, तिळगूळ, वाण पदरात घ्यायचं आणि पुढच्या घरी पळायचं. संक्रांतीच्या दिवसांत एकेका संध्याकाळी सात-आठ घरं असतात. पण त्या दिवशी सिंधूकाकू कुंदे पहिल्या आल्या, उंबरठा ओलांडला आणि जागेवर थबकल्या. हळूच शाल काढली. कानटोपी काढली. म्हणाल्या, उज्ज्वला, मी जरा बसते गं. मग जी आली ती बसली. अख्ख्या गल्लीत त्या संध्याकाळी ऊबदार घर एकच, माझं. मी वाणाला लोकरी मोजे ठेवले होते, ते पिशवीतून कुणी काढलेसुद्धा नाहीत. मधली खोली भरली, बाहेरची भरली, आतली खोली भरली. बायका भिंतीला टेकून गप्पांना लागल्या. आता एवढ्या बसल्यात तर चहा नको का? मी चहा टाकला. तो संपला, पुन्हा टाकला. गॅस काही बंदच झाला नाही. मापाडीची शेगडी मधेच बंद पडली तेव्हा मला वाटलं बिघडली. सिंधूकाकू म्हणाल्या, बरंच झालं, उकडायला लागलं होतं.

जेवणवेळेला बायका कशाबशा उठल्या आणि मापाडीनं निकाल सांगितला. "घर उत्तम आहे. उष्णतेची गळती अत्यल्प. बांधणाऱ्यांचं अभिनंदन." शेजारच्या कुंद्यांना वीस ताटल्या मिळाल्या होत्या. आम्हाला सात.

हे घर ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. मग काय विचारता. दुसऱ्या दिवशी पारावर, दूधडेअरीवर, न्हाव्याकडं, सगळीकडं सात ताटल्यांची बातमी पोहोचली. लोकांना हे विटा दाखवायला घरी आणायला लागले. कुंदेभाऊंना म्हणाले, तुमच्या बांधकामात रेती जास्त पडली असणार. कुंदेभाऊ तेव्हापासून आमच्याकडं बघत नाहीत.

पेटी बसली, पाणी सुरू झालं. पहिल्या दिवशी मी मधल्या खोलीत मापक लावून समोर खुर्ची टाकून बसले. पंधरा झाले. सोळा झाले. सोळावर जे अडलं ते हलेना. आणि बाहेर अजून खरी लाट यायची होती.

हे मानायलाच तयार नाहीत. दोन स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर माझी शाल, आणि म्हणे, जरा कोंदट नाही वाटत? खिडकी उघडू का थोडी? मी म्हटलं, उघडा, आणि मग तिथंच झोपा. चार दिवसांत कंपनीचा निरोप आला की तुमचं परतीचं पाणी फार गरम येतंय, कृपया उष्णता वापरावी. म्हणजे आम्ही इथं कुडकुडतोय आणि आम्हालाच विचारतायत की ऊब का घेत नाही. मी तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. तिकडंही मापाडीचाच आवाज. त्यानं शांतपणे विचारलं, मोजणीच्या दिवशी तुम्ही नेहमीसारखंच वागलात ना? मी म्हटलं, हो. मग माप बरोबर आहे, म्हणाला.

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. ह्यांना विचारलं, कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या रचायला माणसं आत जायची, तेव्हा त्यांच्या अंगाची गरमी तुम्ही धरायचात का हो? हे एकदम खुलले. धरायचो म्हणजे? धरावीच लागते. माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतो, हलला-वाकला तर दुप्पट-तिप्पट. दहा माणसं आत गेली की यंत्राला घाम फुटायचा.

मी मनातल्या मनात हळदीकुंकू आठवलं. भिंतीलगतच्या बायका, बाहेरच्या खोलीतल्या, आतल्या खोलीतल्या. शंभर, शंभर, शंभर. वर तो चहा. ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांच्याही ध्यानात आलं. मग हळू आवाजात म्हणाले, म्हणजे घर चांगलं नाहीये? मला वाईट वाटलं त्यांचं. मी म्हटलं, घर चांगलंय हो, बायका जास्त होत्या.

चूक कळली म्हणून पेटी थोडीच वाढते. आणि त्याच दुपारी विहीणबाईंचा फोन आला. परवा येतोय, ईश्वरीला घेऊनच निघतोय. खोली बघते, चोवीस असतील तर ठेवते, नसतील तर दुसऱ्या दिवशी परत. पुण्यापर्यंत सात ताटल्यांची कीर्ती आमच्या ह्यांनीच पोहोचवली होती.

मग मी काय केलं असेल, तुम्हीच सांगा. ज्या बायकांनी घर तापवलं त्यांनाच बोलावलं. सिंधूकाकूंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, लेकीसाठी ना? मग येतोच आम्ही. गल्लीत एकीनंही नाही म्हटलं नाही. हळदीकुंकवाला जिला कधी कुणी बोलावत नाही ती शेवंता, नवरा गेलेली, तिलाही मी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, मी चालेन का? मी म्हटलं, तुझे काय नव्वद वॅट आहेत का? तिला काही कळलं नाही, पण आली.

गाडी चारला येणार होती. बायका तीनलाच बसल्या. मापक बावीसवर गेलं, तेवीसवर गेलं, माझा जीव भांड्यात पडायला लागला. तर फोन, चंदनापुरीच्या घाटात कंटेनर आडवा झालाय, वेळ लागेल. दिवस कलला. कुणाच्या गाईची धार काढायची, कुणाच्या सासऱ्यांचं जेवण. एकेक उठायला लागली. तेवीसचे बावीस झाले, बावीसचे एकवीस. बाहेर तर पाण्यावर पापुद्रा धरायची वेळ. तेवढ्यात ह्यांनी ओट्यावरून सांगितलं, गाडी वळली.

मी पदर खोचला. उठा गं, म्हटलं, फुगडी.

सिंधूकाकूंचे गुडघे दुखतात. त्यासुद्धा उठल्या. चार जोड्या मधल्या खोलीत, दोन बाहेर. फरशीखालच्या नळ्यांचं काय झालं असेल देव जाणे. शेवंतानं माझे हात धरले आणि अशी गरागरा फिरवली की मला घर दिसेना. मापक एकेक ठिपका चढत होतं. आणि दार उघडून विहीणबाई आत आल्या तर काय, त्यांचा चष्मा गच्च धुक्यानं भरला. त्यांना काहीच दिसेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा धुकं. मागं ईश्वरी, पोटावर हात ठेवून, हे काय चाललंय असं बघत उभी.

विहीणबाईंनी पर्समधून स्वतःचं थर्मामीटर काढलं, मधल्या खोलीत जाऊन हातात धरून उभ्या राहिल्या. आम्ही सगळ्या धापा टाकतोय.

"चोवीस," त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटले. पण बाई मेट्रन होत्या. त्यांनी एकदा सगळ्यांकडं नजर फिरवली, सिंधूकाकूंच्या कपाळावरचा घाम बघितला, आणि म्हणाल्या, "आमच्या वॉर्डातही भेटीच्या वेळेला असंच व्हायचं. ह्यांना आता घरी जाऊ द्या. तासाभरानं पुन्हा बघू. बॅगा गाडीतच राहू देत."

बायका गेल्या. जाताना शेवंतानं माझा हात दाबला. ईश्वरी पाय दुखतात म्हणून मधल्या खोलीत जाऊन आडवी झाली, वारा लागतो म्हणून तिनं आतून दार लोटून घेतलं. आम्ही तिघं मापक घेऊन बाहेरच्या खोलीत त्याच्यासमोर बसलो. एकवीस. एकोणीस. सतरा. ह्यांनी जाकिटाची चेन वर ओढली, पहिल्यांदाच उघडपणे.

मग मी सगळं सांगून टाकलं. हळदीकुंकू, चहा, फुगडी, सगळं. आणि म्हटलं, "ताई, मी तुम्हाला फसवायला बघितलं, खरंय. मला माझी लेक घरी हवीय. एवढंच. बाकी त्या ताटल्या गेल्या खड्ड्यात."

विहीणबाई थर्मामीटरकडंच बघत बोलल्या.

"आणि मला काय हवंय ते कुणी विचारलंय का? माझ्या फ्लॅटमध्ये ताटल्या अगदी मोजून बरोबर आहेत. बारा महिने चोवीस अंश. पोर इकडं आली की ते चोवीस अंश आणि मी. अद्वैतचा फोन येतो रविवारी. तुम्ही म्हणता माहेरी बाळंतपण, रीत आहे. मला रीत माहितीय. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांची बाळं हातात घेतली, आणि माझ्या घरातलं बाळ मी कधी बघायचं? तीन महिन्यांनी?"

मी त्या चोवीसचा इतका राग केला होता. ते चोवीस म्हणजे बाईंचा हट्ट, असंच धरून चालले होते. त्यांच्या जागी मी असते तर मी तीस मागितले असते.

तेवढ्यात आतून ईश्वरीनं हाक मारली, आई, भूक लागलीय, आणि इथं उकडतंय.

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. हे उठले, दार उघडून मापक आत धरलं. एकवीस, बाहेरच्यापेक्षा चार जास्त. दार बंद होतं, खोली लहान, आणि आत पोटुशी बाई. हे तिथंच उंबऱ्यात उभे राहिले. आमच्याकडं आतली दारं कधी लावायची पद्धतच नाही, दिवसाढवळ्या दार लावलं की काय भांडण झालंय का म्हणून लोक विचारतात. आणि ह्यांनी तर घर उत्तम म्हणून प्रत्येक खोलीच्या नळ्यांचा कॉक उघडा टाकला होता, जिन्याखालचासुद्धा. सात ताटल्यांची ऊब अख्ख्या घरात पांगत होती.

"सात ताटल्यांत घर होत नाही," हे म्हणाले. कबुली द्यायला घसा साफ करावा लागला. "पण एक खोली होईल."

मागच्या भिंतीकडं गेले आणि एकेक कॉक बंद करायला लागले. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, जिना. दर कॉकला त्यांचा चेहरा थोडा थोडा उतरत होता, पण थांबले नाहीत. मी झरोक्यात जुन्या साड्या कोंबल्या. पिठलं-भाकरी होऊन आमची जेवणं झाली, तोवर मधल्या खोलीत, दार लावून, एकही फुगडी न घालता, चोवीस झाले. विहीणबाईंनी स्वतःच्या थर्मामीटरवर दोनदा बघितलं. मग त्या ह्यांना म्हणाल्या, "बॅगा आणा."

हे गाडीकडं गेले आणि दोन बॅगा घेऊन आले. एक ईश्वरीची. दुसरी कुणाची म्हणून मी बघत राहिले. मोठी होती, दोन दिवसांची वाटत नव्हती.

"माझी," विहीणबाई म्हणाल्या. "निघतानाच भरली होती. चोवीस झाले नसते तर तशीच परत नेली असती." मग माझ्याकडं न बघता, "शंभर वॅट तेवढेच वाढतील."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. ऊबदार खोली एकच, त्यात ईश्वरी, मी आणि त्या. हे स्वयंपाकघरात गॅसजवळ गाद्या टाकून. मी म्हणायची शेगडीची धुरी द्यायची, त्या म्हणायच्या धुरानं बाळाच्या छातीला त्रास होतो. मी म्हणायची बाळंतिणीला शेक हवा, त्या म्हणायच्या आधी हात धुऊन या. मी आयुष्यात इतके हात कधी धुतले नव्हते. दार उघडं ठेवलं की ओरडायच्या, बंद केलं की मला गुदमरायचं. फेब्रुवारी संपता संपता नात झाली. तालुक्याच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उंबऱ्यावर भाकरतुकडा मी ओवाळला आणि आत नेऊन पहिल्यांदा मांडीवर विहीणबाईंनी घेतली. मीच दिली. त्या रडल्या, मग मी रडले, मग ईश्वरी म्हणाली, दार लावा आधी.

उन्हाळ्यात सगळ्या पुण्याला गेल्या. घर एकदम मोठं झालं.

यंदा नातीची पहिली संक्रांत. बोरन्हाण कुठं करायचं यावर वाद होणार म्हणून मी तयारीत होते, तर विहीणबाईंचाच फोन आला, सोनगव्हाणला करायचं, गल्लीचा तो हक्क आहे. दोन आठवडे आधीच येऊन बसल्या. आणि कंपनीची तारीख आली ती नेमकी बोरन्हाणाच्याच दिवशीची. माझं मी ठरवून टाकलं. बोरन्हाण दुसऱ्या दिवशी, त्या संध्याकाळी एक बाई घरात घेणार नाही. मापाडीला खरं माप घेऊ दे, वीस ताटल्या मिळू देत, मोकळ्या घरात झोपू. गल्लीत निरोप द्यायला गेले तर सिंधूकाकू म्हणाल्या, अगं, बोलावणं तर कालच येऊन गेलं, तुझ्या विहीणबाई स्वतः घरोघर फिरल्या. शेवंताला तर नातीला बोरं घालायला पहिली ये म्हणून सांगून गेल्या.

दिवस मावळताना मापाडी आला. घरात पाय ठेवायला जागा नाही. मधे पाटावर काळ्या फ्रॉकमधली नात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या पडतायत आणि गल्लीतली सगळी पोरं ते वेचतायत. मापाडी कसाबसा कडेकडेनं भिंतीला आला आणि गुंड्या लावल्या. कंपनी शहाणी झाली होती, यंदा एक नवीन प्रश्न घातला होता.

"आज घरात राहणाऱ्यांखेरीज बाहेरचं कोणी आहे का?"

वर्षभर मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. आता फक्त हो म्हणायचं होतं. मी बोरांचं सूप खाली ठेवून पुढं झाले, पण विहीणबाई जवळ होत्या. त्यांनी बटण दाबलं. नात कडेवर, केसांत चुरमुरे. खोलीभर एकदा बघितलं, सिंधूकाकूंकडं, शेवंताकडं, माझ्याकडं.

"बाहेरचं कोणी नाही," त्या म्हणाल्या.

मापाडीनं आभार मानले. घर उत्तम निघालं, गेल्या वर्षीपेक्षाही उत्तम, आणि आमच्या सातातल्या दोन ताटल्या काढून न्यायचा हुकूम आला. हे तेवढ्यात पारावर निघालेसुद्धा. मला विहीणबाईंचा राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण मी स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला.